इतिहास-भूगोलाच्या शिक्षकाला जूनमध्ये काय हवं असतं?

"बाई, नकाशा कुठला लावू?"

जूनच्या तिसऱ्या आठवड्यातला प्रश्न. विचारणारी मुलगी बी.एस्सी. बी.एड., विषय रसायनशास्त्र. सातवी ब आणि आठवी अ या दोन वर्गांचा भूगोल आपल्याकडे आलाय, हे तिला आदल्या दिवशी दुपारी कळलं होतं. नकाशांच्या कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे आणि मामा पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांपाशी. किल्ली मिळून कपाट उघडलं तेव्हा सगळ्यात वर जो जगाचा नकाशा निघाला, त्यावर सोव्हिएत युनियन अख्खाच्या अख्खा होता. तोवर तासिका संपायची घंटा झाली. मी त्या शाळेत पर्यवेक्षिका होते, त्यामुळे चूक तिची नव्हती, माझी होती.

गणिताला आणि इंग्रजीला कोण शिक्षक आहे हे मे महिन्यातच ठरलेलं असतं. इतिहास-भूगोल मात्र ज्याच्या तासिका कमी भरतात त्याच्या पदरात पडतो. जुलै-ऑगस्टच्या सुमारास पायाभूत चाचणीची गडबड असते. ती भाषा, गणित आणि इंग्रजीची असते, म्हणून सगळ्या शाळेचं लक्ष तिकडेच. इतिहास-भूगोलाचा शिक्षक एकटा पडतो तो असा, कुणी मुद्दाम न पाडता. मुख्याध्यापक, पर्यवेक्षक किंवा त्याच विषयाचा एखादा जुना शिक्षक त्याच्यासाठी नेमकं काय करू शकतो, ते इथे क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं नाशिकची आहेत, कारण माझी सगळी नोकरी याच जिल्ह्यात झाली.

तासिका मोजू नका, पुस्तकं मोजा

कार्यभार काढताना आपण आठवड्याच्या तासिका मोजतो. इतिहास-भूगोलाच्या बाबतीत हा हिशोब फसवा आहे. सहावी, सातवी आणि आठवी या तिन्ही इयत्तांचे दोन्ही विषय एकाकडे दिले की त्याच्या टेबलावर सहा पुस्तकं येतात. त्यात इतिहासाच्या पुस्तकाला नागरिकशास्त्र जोडलेलं, म्हणजे नऊ प्रकारची तयारी. शेजारी बसलेल्या गणिताच्या सरांकडे तासिका तेवढ्याच असतील, पण पुस्तकं दोन. एकच पाठ तीन तुकड्यांना शिकवणं आणि तीन वेगळे पाठ एकेकदा शिकवणं यांत रात्रीच्या झोपेचा फरक आहे.

म्हणून वेळापत्रकाचा कच्चा आराखडा करतानाच प्रत्येक नावापुढे 'पुस्तकं' असा एक रकाना काढा. नव्या माणसाकडे तीनपेक्षा जास्त पुस्तकं देऊ नका. दोन शिक्षक असतील तर एकाला इतिहास आणि दुसऱ्याला भूगोल वाटण्यापेक्षा इयत्ता वाटून पाहा, आणि कशाने कुणाची पुस्तकं कमी होतात ते कागदावर मांडा. दर शाळेत उत्तर वेगळं येतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा अशा तिन्ही गटांना किमान एकेक शिक्षक असावा असं सांगितलेलं आहे. 'कुणीही शिकवेल' या वृत्तीला संस्थेच्या बैठकीत उत्तर द्यायची वेळ आली, तर हे परिशिष्ट जवळ असू द्या.

वेळापत्रकातली आणखी एक गोष्ट फुकट होते, पण कुणी करत नाही. आठवड्यात एकदा तरी भूगोलाच्या दोन तासिका जोडून द्या. नकाशा भरणं, मैदानावर जाणं, गटात काम करणं हे ३५ मिनिटांत होत नाही. आणि सगळ्या इतिहासाच्या तासिका जेवणाच्या सुट्टीनंतर टाकू नका. खिचडी खाऊन आलेल्या पोरांना मौर्य साम्राज्य सांगणं काय असतं, ते एकदा स्वतः करून बघा.

पुस्तक मे महिन्यातच हातात द्या

मुलांची पुस्तकं जूनमध्ये येतात. शिक्षकाला त्याआधी लागतात. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट उतरवून घेता येतात. पण मी सुट्टी लागायच्या दिवशी छापील जुनी प्रतच देत असे, सोबत शिसपेन्सिल. मोबाइलवर कुणी पुस्तक वाचत नाही, चाळतात. प्रत देताना मुद्रणवर्ष मात्र पाहा. नव्या अभ्यासक्रमाची पुस्तकं २०२५-२६ पासून पहिलीपासून यायला लागली आहेत, आता एकेका इयत्तेची पाळी येत राहील. बदललेल्या इयत्तेचं जुनं पुस्तक दिलंत तर उपकार नाही, अपकार होईल.

वाचताना समासात तीनच खुणा करायला सांगा. जे आपल्यालाच कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. जे नाशिकमध्ये दाखवता येईल तिथे 'ना'. आणि जे ठरावीक महिन्यातच होऊ शकतं तिथे महिन्याचं नाव. जूनच्या पहिल्या बैठकीत ही पुस्तकं घेऊन बसायचं. प्रश्नचिन्हांवर आधी बोलायचं, आणि ते न लाजता करता यावं म्हणून ज्येष्ठाने आपलं प्रश्नचिन्ह सगळ्यात आधी उघड करायचं. मला स्वतःला पृथ्वीच्या चंद्राविरुद्धच्या बाजूलाही भरती का येते, हे बरीच वर्षं धड कळलेलं नव्हतं. मी ते भर बैठकीत सांगितलं, आणि मग रसायनशास्त्राच्या बाईंनी सात प्रश्न काढले.

वार्षिक नियोजन यानंतर. ते शासकीय रकान्यांत भरायच्या आधी पहिल्या सत्रातल्या खऱ्या तासिका मोजून घ्या. आठवड्याला तीन धरल्या तर १५ जूनपासून दिवाळीपर्यंत पन्नासच्या आसपास होतात. त्यातून घटक चाचणी, सत्र परीक्षा, गणपती, क्रीडास्पर्धा, पावसाची सुट्टी आणि इतरांच्या बदली तासिका वजा करा. माझ्या वहीत हा आकडा कधी ३८ च्या वर गेला नाही. पन्नासचं नियोजन करून ३८ मध्ये पळायचं, की ३८ चंच करायचं, हे जूनमध्येच ठरतं.

दहावीचं थोडक्यात: इतिहास-राज्यशास्त्र ४० गुण, भूगोल ४० आणि अंतर्गत मूल्यमापन २०. त्या २० गुणांचं काम फेब्रुवारीत एका रात्रीत कसं उरकलं जातं ते आपण सगळेच जाणतो, म्हणून त्याच्या तारखा आत्ताच भिंतीवर लावा. भूगोल सगळा भारत आणि ब्राझीलच्या तुलनेचा आहे. भूगोल न शिकलेल्या शिक्षकाला त्याची धास्ती वाटते. त्याला एवढंच सुचवा की शाळेच्या कार्यालयात जुनं घड्याळ असेल तर ते दहावीच्या वर्गात ब्राझिलियाच्या वेळेला, म्हणजे आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे लावून टांगायचं. सकाळच्या अकराला तिथे रात्रीचे अडीच वाजलेले रोज दिसले, की रेखांशाचा पाठ निम्मा झाला.

जी कामं जूनमध्येच होतात

समासात लिहिलेल्या महिन्यांचा उपयोग इथे होतो. सातवीच्या सध्याच्या भूगोलात ऋतुनिर्मितीचा पाठ सुरुवातीलाच आहे आणि त्याचा दुसरा भाग पुढे दिवाळीकडे येतो. पहिल्या भागात दिनमानाच्या नोंदी घ्यायच्या असतात. जूनच्या नोंदी जूनमध्ये घेतल्या नाहीत, तर दुसरा भाग नुसता वाचून दाखवावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी तसंच होतं.

नव्या शिक्षकाबरोबर हा एक प्रयोग तुम्ही स्वतः उभे राहून करा. बरोबर एक मीटरची सरळ काठी मैदानात ओळंब्याने उभी रोवायची. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. त्यामुळे २१ जूनच्या आसपास भर दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि काठीची सावली दक्षिणेकडे पडते, जेमतेम ६ सेंटिमीटर. खडूने टोकाला खूण करून तारीख लिहायची. हाच प्रयोग २२ डिसेंबरला केला तर सावली उत्तरेकडे जाते आणि ९५ सेंटिमीटरच्या जवळपास भरते. 'दुपारी सावली नेहमी उत्तरेलाच पडते' असं ठामपणे सांगणारी मुलं (आणि काही शिक्षक) त्या सहा सेंटिमीटरकडे बघत राहतात.

वेळेची काळजी घ्या. घड्याळातले बारा ही आपली खरी दुपार नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, नाशिक ७३.८ च्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून आपल्याकडे सूर्य सुमारे ३५ मिनिटं उशिरा, १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास माथ्यावर येतो. हा हिशोब मुलांकडूनच करून घ्यायचा. आणि जूनचे ढग? १५ ते ३० जूनमध्ये कुठल्याही दिवशी ऊन पडलं तरी चालतं, फरक अगदी थोडा येतो. पण त्या दिवशी १२.३० ला सातवीची तासिका असायला हवी किंवा तिथल्या शिक्षकाने ती सोडायला हवी. हे काम मुख्याध्यापकांनीच करायचं असतं. एरवी 'भूगोलवाले पोरं बाहेर घेऊन फिरतात' हे वाक्य स्टाफरूममध्ये ऐकायला मिळतं.

दुसरं काम पावसाच्या नोंदीचं. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि पूर्वेला येवल्याकडे पाचशेच्या आसपास, तेही एकाच जिल्ह्यात. पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवायला याहून चांगलं उदाहरण शोधायला कुठे जायला नको. जून ते सप्टेंबर रोज एका मुलाने वर्तमानपत्रातून तालुक्यांचे आकडे फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे, महिन्याअखेर स्तंभालेख काढायचा. गंगापूर धरणातून विसर्ग सुटला की क्युसेकचा आकडाही येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. किती क्युसेकला गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागतं आणि किती क्युसेकला छातीला, हे एका पावसाळ्यात मुलं आपण होऊन टिपायला लागतात. नाशिककर पूर असाच मोजत आलेत. आपण फक्त त्याला वही द्यायची.

नकाशांचं कपाट

एक दुपार काढून सगळे नकाशे जमिनीवर पसरा. शिक्षक, तुम्ही आणि नववीची चार मुलं. प्रत्येक नकाशाला चार प्रश्न विचारायचे. आंध्रमधून तेलंगणा वेगळा दिसतो का (२०१४)? लडाख वेगळा केंद्रशासित प्रदेश आहे का (२०१९)? दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एकत्र आहेत का (२०२०)? राज्याच्या नकाशात ठाण्यातून निघालेला पालघर आहे का (१ ऑगस्ट २०१४)? सगळ्यांना हो असेल तर तो नकाशा आजचा: २८ राज्यं, ८ केंद्रशासित प्रदेश, महाराष्ट्रात ३६ जिल्हे. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर ही नावं नसतील तर पट्टी चिकटवून भागतं.

जे नापास झाले ते रद्दीत घालू नका. त्यांच्यावर 'इतिहास' अशी चिठ्ठी लावून वेगळे ठेवा. तो सोव्हिएत युनियनवाला नकाशा पुढे नववीच्या वर्गात फार कामाला आला. आजचा नकाशा शेजारी लावला आणि 'फरक शोधा' एवढंच सांगितलं, अख्खी तासिका मुलांनीच चालवली.

नवा नकाशा इंटरनेटवरून छापताना मात्र जपा. परदेशी संकेतस्थळांवर जम्मू-काश्मीरची सीमा चुकीची असते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशेच घ्यावेत. त्यांची स्थलनिर्देशक पत्रकंही ऑनलाइन मिळतात. आपल्या शाळेचा परिसर असलेलं पत्रक मोठ्या आकारात छापून प्रवेशद्वाराजवळ लावा, म्हणजे पालकसुद्धा थांबून आपली वस्ती शोधतात.

आणि किल्ली. ती स्टाफरूमच्या खिळ्यावर.

नाशिकची पेटी

समासातल्या 'ना' खुणांसाठी पुठ्ठ्याची एक पेटी करा. तिच्यात पाठवार लिफाफे. एका वर्षात चार-पाच लिफाफे झाले तरी पुष्कळ. नव्या शिक्षकाला भाषणापेक्षा या पेटीचा आधार जास्त वाटतो. माझ्या पेटीतले तीन लिफाफे सांगते.

पहिला सातवाहनांचा. पांडवलेणी आपल्या मुलांना माहीत असतात त्या फिरायला जायची जागा म्हणून, आणि पांडवांनी बांधल्या असं समजून. तिथल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची केलेली प्रशस्ती कोरलेली आहे. 'तिसमुदतोयपीतवाहन', म्हणजे ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं तो, हे वर्णन तिथलंच. क्षहरातांचा, म्हणजे त्याच्या शत्रू राजघराण्याचा, वंश त्याने संपवला असंही त्यात आहे. आता इतिहासात आई मुलाचं कौतुक करते तेव्हा ते किती खरं धरायचं, हा प्रश्न मुलांना विचारायचा. पुरावा त्याच परिसरात सापडला. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभीला नाण्यांचा साठा निघाला. तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी, क्षहरात राजा नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. आईचा शब्द आणि नाण्यावरचा ठसा जुळतात. इतिहासाची साधनं हा पाठ शिकवायला आणखी काय पाहिजे? लिफाफ्यात नाण्याच्या दोन्ही बाजूंची रंगीत छायाचित्रं ठेवा, आणि जमलं तर अंजनेरीच्या नाणे संग्रहालयाला शिक्षकाला एकट्याला आधी पाठवा, मुलांना नंतर.

याच लिफाफ्यात दहाव्या लेण्यातला उषवदाताचा लेख. हा नहपानाचा जावई. त्याने भिक्खूंसाठी ३००० कार्षापणं (त्या काळची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेव म्हणून ठेवली. २००० वर दरमहा शेकडा १, उरलेल्या १००० वर शेकडा पाऊण. मुद्दल काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० चं व्याज लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर मुक्काम करणाऱ्या, वीस भिक्खूंच्या वस्त्रांसाठी, प्रत्येकी १२ कार्षापणं. सहावी-सातवीतल्या मुलाला हिशोब करू द्या: महिन्याला २०, वर्षाला २४०, भागिले १२. उत्तर वीस. दोन हजार वर्षांपूर्वीचं गणित फळ्यावर बरोबर सुटतं तेव्हा वर्गात जो आवाज होतो, तो ऐकण्यासारखा असतो. गोवर्धन हे नाव गंगापूर रस्त्याकडच्या गावाला आजही आहे. एक वर्षी त्या गावातला मुलगा वर्गात होता, आठवडाभर त्याचा रुबाब निराळाच.

दुसरा लिफाफा आठवीच्या 'समतेचा लढा' या पाठासाठी. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, भाऊराव गायकवाडांसारखे नाशिकचे कार्यकर्ते पुढे. मंदिराचे दरवाजे बंद केले गेले. लढा पाच वर्षांच्या आसपास चालला आणि दरवाजे तरी उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. या दोन तारखांमधलं अंतर हाच पाठ आहे. पुस्तकात एक-दोन ओळींत येणारी गोष्ट, पण मंदिर मुलांच्या रोजच्या वाटेवर. शहराचा नकाशा लिफाफ्यात ठेवा, त्यावर मंदिर आणि गोदाघाट. बाकी शिक्षकाला त्याच्या पद्धतीने सांगू द्या.

तिसरा नागरिकशास्त्राचा आहे आणि तो दर वर्षी नवा करावा लागतो. शाळा ज्या प्रभागात किंवा ग्रामपंचायतीत येते तिची माहिती, नगरसेवक किंवा सरपंचांचं पद (नाव नको, बदलतं), पाणीपट्टीची एक कोरी प्रत, गेल्या ग्रामसभेची नोटीस. ग्रामीण शाळा असेल तर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला दहा मुलं मागे बसवायची परवानगी जुलैतच घेऊन ठेवा. पेठ-सुरगाण्याकडच्या शाळांत तर आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्यामुळे ग्रामसभेला जादा अधिकार आहेत. तो कायदा १९९६ चा, पण मुलांनी तो सभेत बसूनच समजून घ्यावा.

जयंत्यांची वाटणी

ही माझी जुनी तक्रार आहे, म्हणून जरा जास्त बोलते. शाळेत कुणाचीही जयंती असो, फलकलेखन, प्रास्ताविक, मुलांची भाषणं बसवणं हे सगळं इतिहासाच्या शिक्षकाकडे. २६ जूनला शाहू महाराज, १ जुलैला कृषी दिन, २३ जुलैला टिळक जयंती, १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे, ९ ऑगस्टला क्रांतिदिन, मग १५ ऑगस्टची प्रभातफेरी. शाळा सुरू झाल्यापासून दोन महिन्यांत सहा-सात कार्यक्रम, आणि मध्येच दिंडी. नव्या शिक्षकाचे पहिले दोन महिने वर्गात कमी आणि सभागृहात जास्त जातात.

जूनच्या पहिल्या शिक्षकसभेत वर्षभराची यादी करून ती सगळ्यांत वाटा. कृषी दिन विज्ञानाकडे, अण्णा भाऊ मराठीकडे. गणिताच्या सरांना शाहू महाराजांवर पाच मिनिटं बोलता येत नाहीत असं काही नाही, फक्त आजवर कुणी सांगितलं नाही. इतिहासाच्या शिक्षकाकडे वर्षात दोन कार्यक्रम ठेवा, तेही त्याच्या निवडीचे.

मतदार यादीच्या कामाचंही तसंच. शिक्षण हक्क कायदा जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षक द्यायला मनाई करतो. जी द्यावीच लागतात ती दर वर्षी एकाच माणसाला जाऊ नयेत, एवढं मुख्याध्यापकांच्या हातात असतं. 'नागरिकशास्त्र तुमचंच की' हा विनोद एकदा ऐकायला बरा असतो.

पहिले पंधरा दिवस वर्गात

मुलांना पुस्तक उघडू देऊ नका. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढायला सांगा, आठवणीने, दिशा दाखवून. सिडकोतला मुलगा त्रिमूर्ती चौक काढतो, मखमलाबादची मुलगी द्राक्षबाग आणि पाट काढते. कुणाला दिशा कळत नाहीत, कुणाला प्रमाण, कुणाला खुणा, हे शिक्षकाला चाळीस कागदांत दिसून जातं. सेतू अभ्यासाच्या (मागच्या इयत्तेच्या उजळणीच्या) चाचणीपेक्षा मला हे कागद जास्त उपयोगी पडले. ते जपून ठेवा, मार्चमध्ये पुन्हा काढून घ्या.

वर्गनिरीक्षणाला तिसऱ्या आठवड्याआधी जाऊ नका. जाल तेव्हा मागच्या बाकावर बसा आणि फक्त एक गोष्ट टिपा: मुलांनी विचारलेले प्रश्न, जसेच्या तसे. शिक्षकाचे दोष नकोत, फळ्यावरच्या अक्षराबद्दलही नको. नंतर तो कागद त्यालाच देऊन टाका. त्यावर एकही प्रश्न नसेल तर त्याला काही सांगावं लागत नाही. लॉगबुकात शेरा दुसऱ्या भेटीनंतर. या पहिल्या भेटीत मी स्वतः एकदा घोळ घातला आहे. एका सरांनी सनावळीत दोन वर्षांची चूक केली, मी मागून मोठ्याने दुरुस्त केली. त्यानंतर वर्षभर मी वर्गात शिरले की ते सन सांगायचेच बंद व्हायचे.

तक्रार आली तर

इतिहासाच्या तासाला काय बोललं गेलं, यावरून पालक शाळेत येतात. मूल घरी जाऊन अर्धवट सांगतं, संध्याकाळपर्यंत ते व्हॉट्सॲपवर फिरतं. नवा शिक्षक यालाच सगळ्यात जास्त घाबरतो, आणि मग काळारामचा सत्याग्रह किंवा नाशिकचा कलेक्टर जॅक्सनचा वध असे पाठ दोन मिनिटांत उरकतो. १९०९ च्या डिसेंबरात याच गावातल्या विजयानंद नाट्यगृहात घडलेली गोष्ट नाशिकच्या मुलांनी धावत ऐकावी, हे बरं नाही.

म्हणून जूनमध्येच चार गोष्टी ठरवून त्याला स्पष्ट सांगा. पालक थेट वर्गात जाणार नाहीत, आधी मुख्याध्यापकांकडे येतील. शिक्षकाचं म्हणणं ऐकल्याशिवाय कुणाचीही माफी मागितली जाणार नाही. नाजूक पाठाच्या टाचणात पुस्तकाचं पान आणि वापरलेलं साधन लिहिलेलं असेल. आणि वर्गात कुणाच्याही आडनावावरून किंवा वस्तीवरून उदाहरण दिलं जाणार नाही, कौतुकानेसुद्धा नाही. शेवटच्या दोन अटी शिक्षकावर आहेत, पहिल्या दोन तुमच्यावर. तुमच्या दोन पाळल्या गेल्या नाहीत तर शेवटच्या दोनही पाळल्या जाणार नाहीत.

क्षेत्रभेट: ठरवा जुलैत, जा पावसानंतर

सगळ्या शाळा डिसेंबरात सहली काढतात आणि बस महाग होते. सातवाहनांच्या पाठासाठी सहल लागतच नाही. पाऊस ओसरला की एका शनिवारी सकाळी सिटीलिंकच्या बसने पांडवलेणी होते. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत आणि तिथे १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. शिक्षकाने एकदा स्वतः जाऊन तिसरं आणि दहावं लेणं बघून यावं, लेख भिंतीवर नेमका कुठे आहे ते पाहून ठेवावं. ब्राह्मी अक्षरं सकाळच्या तिरप्या उजेडात जास्त स्पष्ट दिसतात, बॅटरीही बाजूने धरावी. मुलांना चोवीसही लेणी दाखवायची नाहीत. दोन दाखवायची आणि प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं खाली बसवायचं. वहीत 'म', 'त' आणि 'स' एवढी तीन ब्राह्मी अक्षरं आधी शिकवून न्या, म्हणजे ती भिंतीवर शोधत बसतात आणि पळापळ होत नाही.

पालकांची संमतीपत्रं, प्रथमोपचाराची पेटी, दर पंधरा मुलांमागे एक मोठा माणूस, हे नेहमीचं. बसभाडं न जमणारी दोन-चार मुलं प्रत्येक वर्गात असतात आणि ती 'पोट दुखतंय' म्हणून घरी राहतात. त्यांचे पैसे कुठून येणार ते मुख्याध्यापकांनी शिक्षकाशी आधीच बोलून ठेवावं, आणि वर्गात पैसे गोळा करताना यादी मोठ्याने वाचू नये.